बंदिवानांकडे घ्यायला जा: कारागृहसेवा सुरू करणाऱ्या मंडळीसाठी

कारागृहसेवा सुरू करणाऱ्या बऱ्याच मंडळ्या दोन-तीन वर्षांत थंडावतात. नाताळला केक, हिवाळ्यात चादरी, लेंटमध्ये एखादं प्रवचन, मग जाणारे कमी होत जातात. देणारे कायम आपण आणि घेणारे कायम ते, एवढंच नातं ठेवलं की देणारा थकतो आणि घेणारा ओशाळतो. मत्तयाच्या २५व्या अध्यायात प्रभू स्वतःला भेटायला जाणाऱ्यांमध्ये मोजत नाही, तो स्वतःला बंदिवानांत मोजतो. म्हणजे आपण जायच्या आधीपासून तो आत आहे आणि त्याच्याकडून घेण्यासारखं काहीतरी आतच आहे. पुढची सगळी रीत याच गोष्टीवर बेतलेली आहे: आतून मंडळीकडे काहीतरी येत राहावं, आणि ते येण्याची वाट पहिल्या दिवसापासून मोकळी असावी.

येरवडा, कळंबा, नाशिक रोड, हर्सूल, ठाणे, तळोजा अशा महाराष्ट्रातल्या मध्यवर्ती किंवा जिल्हा कारागृहात जाणारा गट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. आम्ही ‘मंडळी’ आणि ‘पाळक’ म्हणतो तिथे कॅथॉलिक वाचकांनी ‘धर्मग्राम’ आणि ‘धर्मगुरू’ वाचावं. जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आत जाण्याआधीचे चार आठवडे

परवानगीचा अर्ज आणि मंडळीची तयारी एकदमच सुरू करा. अर्जाला वेळ लागतो, तो तयारीच्या कामी येतो. चार आठवडे, आठवड्याला एक बैठक, एक तास.

पहिल्या बैठकीत फिलेमोनाला लिहिलेलं पत्र मोठ्यानं वाचा. २५ वचनं आहेत, पाच मिनिटांत संपतात. पौल बेड्यांत आहे. तिथे त्याला फिलेमोनाचा दास अनेसिम भेटतो, आणि ‘बंदिवासात मला झालेलं लेकरू’ या अर्थानं तो त्याची ओळख करून देतो. पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे, हे विसरू नका. इफिस, फिलिप्पै आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रंही बेड्यांतूनच आली. दर रविवारी आपण जे वाचतो त्यातला बराच मजकूर म्हणजे तुरुंगातून आलेलं टपाल आहे. ‘तिकडचे लोक आपल्याला काय शिकवणार?’ असं मंडळीत कुणी विचारलं, तर उत्तर म्हणून एवढंच दाखवावं.

दुसऱ्या बैठकीला तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र घ्या. अनेसिफर रोममध्ये पौलाला शोधत फिरला आणि त्याच्या बेडीची त्याला लाज वाटली नाही, असं पहिल्या अध्यायात आहे. चौथ्या अध्यायात पौल त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा मागतो, पुस्तकं मागतो आणि हिवाळ्याआधी ये म्हणतो. बंदिवान काय मागतो ते इथे कळतं: ऊब, वाचायला काहीतरी, आणि माणूस. तिसऱ्या बैठकीला प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री पौल आणि सीला गात होते आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते.

चौथी बैठक यिर्मयाच्या ३८व्या अध्यायासाठी ठेवा. आमच्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची. यिर्मयाला चिखलाच्या हौदात टाकलेलं असतं. राजवाड्यातला सेवक एबद-मलेख राजाची परवानगी काढतो, तीस माणसं घेतो, पण दोर सोडण्याआधी राजवाड्यातल्या कोठीतून जुने फाटके कपडे आणतो आणि यिर्मयाला सांगतो, हे बगलेत घे, वरून दोर लाव. दोर काचू नये म्हणून! परवानगी, माणसं, दोर आणि चिंध्या, एवढ्यात कारागृहसेवेची पूर्ण यादी आली. बहुतेक गट दोरापर्यंत पोचतात आणि चिंध्या विसरतात.

परवानगी

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे, मंडळीच्या लेटरहेडवर, पाळकांच्या सहीनं करावा. नियमित कार्यक्रमासाठी बऱ्याचदा तो पुण्याला कारागृह महानिरीक्षकांच्या कार्यालयाकडे पाठवला जातो, म्हणून दोन प्रती द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. सोबत प्रत्येक सदस्याचं नाव, वय, पत्ता, व्यवसाय, आधारची प्रत, दोन फोटो आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला जोडावा. पुढच्या गोष्टी अर्जातच स्पष्ट लिहा: दर पंधरा दिवसांनी कोणत्या वारी, किती वाजता, किती जण, ख्रिस्ती बंद्यांसाठी उपासना आणि समुपदेशन, सोबत काय नेणार. ‘आध्यात्मिक कार्य करू इच्छितो’ असा मोघम अर्ज टेबलावर पडून राहतो.

गट चार ते सहा जणांचा पुरे. दहा जण आले की गेटवर झडतीला अर्धा तास जास्त जातो आणि आत गर्दी आपलीच होते. महिला विभागात फक्त स्त्रियांनी जावं. आई कैदेत असेल तर सहा वर्षांपर्यंतची मुलं तिच्याजवळ राहू शकतात, म्हणून त्या गटात लहान मुलांना सांभाळण्याची सवय असलेली एक बाई हवीच.

वार ठरवताना अधीक्षकांनाच विचारा की बराकी केव्हा बंद होतात. दुपारी बराकी बंद असतात आणि संध्याकाळीही लवकर मोजणी होऊन बराकींना कुलूप लागतं. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा हा वेळ बहुतेक ठिकाणी जमतो, पण त्याच वेळी कोर्टाच्या तारखेला जाणारे बंदी बाहेर असतात. शनिवार मिळाला तर उत्तम.

आणि एकदा ठरवलेला वार चुकवू नका. आत दिवस मोजले जातात. आपण आलो नाही की चार दिवस चर्चा चालते, ‘काय झालं असेल, कंटाळले असतील.’ महिन्यातून एकदाच जमणार असेल तर एकदाच ठरवा, पण ते पाळा.

गेटवर

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेनड्राइव्ह, रोख पैसे, तंबाखू, सुपारी, काडेपेटी, औषधं, किल्ल्यांचा जुडगा हे सगळं गाडीत किंवा घरी ठेवा. तारेचं बाइंडिंग असलेली वही नेऊ नका, तार काढून घेता येते म्हणून ती अडवतात. जाड पुठ्ठ्याचं बायबलही अडतं, कारण पुठ्ठ्यात काही लपवता येतं. मऊ कव्हरचा, मोठ्या टायपाचा नवा करार न्या. काचेची बाटली, काचेचा मेणबत्तीदिवा, अत्तर, सेफ्टी पिन, काही नाही. पेटी किंवा गिटार न्यायची असेल तर अर्जात वेगळी नोंद करा आणि तारांचा सुटा सेट बाहेर ठेवा. डफ आणि झांज बरी, झडतीला एक मिनिट लागतं.

झडती घेणाऱ्या शिपायाशी नीट बोला. तोही बारा-बारा तास त्याच भिंतींच्या आत असतो. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं घराणं त्याच रात्री विश्वासात आलं, हे वाचून आलेल्या गटानं तरी गेटवरच्या माणसाला अडथळा समजू नये.

आतला एक तास

प्रत्यक्ष हाती पन्नास मिनिटं येतात असं धरून चला. पहिली दहा मिनिटं गाणी. अभंग, ओवी आणि भजनाच्या चालीवरची ख्रिस्ती भजनं इथे सगळ्यांत चालतात, कारण चाल आधीच ओठांवर असते आणि पुस्तक लागत नाही. पुढची पंधरा मिनिटं वाचन. ते त्यांच्यातल्याच कुणीतरी करावं. त्यानंतर पंधरा मिनिटं त्या वचनावर बोलणं, आणि इथे पाळकांनी दोन प्रश्न विचारून गप्प बसायचं. शेवटची दहा मिनिटं प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची.

गप्प बसणं अवघड जातं, हे आम्हाला माहीत आहे. वीस माणसं शांत बसून ऐकताहेत म्हटल्यावर प्रवचन लांबतं. पण ती शांतता शिस्तीची असते, आस्थेची असेलच असं नाही. स्तोत्र ८८ वाचून ‘यातली कोणती ओळ तुम्हाला तुमची वाटली?’ एवढंच विचारून पाहा. त्या स्तोत्राचा शेवटही अंधारात आहे, आणि आतला माणूस त्याबद्दल जे बोलेल ते बाहेरच्या चर्चमध्ये ऐकायला मिळत नाही. ते लक्षात ठेवा, घरी जाऊन नावाशिवाय लिहून काढा. रविवारच्या प्रवचनासाठी पाळकांना यापेक्षा चांगली शिदोरी मिळणार नाही.

वाचायला कुणी पुढे येत नसेल तर आधी डोळ्यांचं बघा. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बंद्यांना शाळा झालेली असूनही वाचता येत नाही, कारण चष्मा नाही. प्लास्टिकच्या फ्रेमचे, प्लास्टिकच्या भिंगांचे वाचायचे चष्मे, नंबर +१.५, +२ आणि +२.५, प्रत्येकी चार-पाच, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत द्यावेत. थेट हातात देऊ नका. आणि ते सगळ्यांसाठी द्या, फक्त ख्रिस्ती बंद्यांसाठी नको. फक्त आपल्या लोकांना वस्तू मिळाल्या की बराकीत त्यांचंच जगणं अवघड होतं, शिवाय आमिषाचा संशय येतो तो वेगळाच. अन्य धर्माचा कुणी भजनाला येऊन बसला आणि प्रशासनाची हरकत नसली तर बसू द्या. कुणालाही धर्म बदलण्याविषयी सुचवू नका, बाप्तिस्म्याची विनंती आली तर ती पाळकांपर्यंत पोचवा आणि सुटकेनंतर, कायद्याच्या रीतीनं तिचा विचार होऊ द्या.

चिठ्ठ्या: सगळ्या कामाचा कणा

बंदिवानांची प्रार्थना मंडळीपर्यंत पोचवण्याची ही साधी पद्धत आहे. नीट चालवली तर मंडळीचं या माणसांकडे बघणं सहा महिन्यांत बदलतं.

देवळाच्या दाराशी एक पेटी ठेवा. ज्यांना आपली अडचण कारागृहातल्या भावाबहिणींनी प्रार्थनेत मांडावी असं वाटतं, त्यांनी ती चतकोर कागदावर लिहावी. पंचवीस शब्दांच्या आत. नाव, आडनाव, गाव, दुकान, शाळा, फोन काही नाही. असं: ‘एक आई. थोरला मुलगा दोन वर्षांपासून फोन करत नाही. येत्या महिन्यात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे.’ गटातल्या एकानं सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहाव्यात, म्हणजे अक्षरावरूनही कुणाची ओळख पटणार नाही. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक द्या आणि मूळ चिठ्ठ्यांची वही बाहेरच ठेवा. एका भेटीला बारा पुरेत.

आत नेण्याआधी चिठ्ठ्यांचा गठ्ठा तुरुंगाधिकाऱ्यांना वाचायला द्या. आत जाणारा प्रत्येक कागद हा निरोप असू शकतो, म्हणून त्यांना शंका येणारच. दोनदा वाचून झालं की तिसऱ्यांदा ते स्वतःच हात करतात. एका जिल्ह्यातले सगळे संशयित एकाच कारागृहात असू शकतात, हे ध्यानात ठेवून गुन्ह्याशी, पोलिसांशी, कोर्टाशी संबंध असलेली एकही चिठ्ठी आत नेऊ नका.

उपासनेच्या शेवटी ज्याला हवी त्यानं एक चिठ्ठी घ्यावी. पुढच्या भेटीपर्यंत रोज एकदा ती अडचण प्रार्थनेत आठवायची. ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडी सांगा, त्याच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी बरोबर विचारणा होते: ‘ताई, त्या आईच्या डोळ्यांचं काय झालं?’

इथेच बहुतेक गट फसतात. उत्तर घेऊनच जावं लागतं. वहीत क्रमांक बघून, त्या घरी विचारून, ‘सातव्या चिठ्ठीतल्या आईचं ऑपरेशन झालं, डाव्या डोळ्याला दिसायला लागलंय, मुलाचा फोन अजून नाही’ असं नेमकं सांगायला हवं. उत्तर नसेल तर ‘अजून कळलं नाही’ असं तरी सांगा. तीन भेटी उत्तराविना गेल्या की चिठ्ठ्या उचलणारे हात कमी होतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपली प्रार्थना लागते, कुणाच्या तरी उपयोगी पडते, हे ज्याला वर्षानुवर्षं कुणी सांगितलं नाही त्याला ते सांगण्याचं हे काम आहे. त्यासाठी गटातला एक माणूस फक्त वही सांभाळायला नेमा. तो आत आला नाही तरी चालेल. आजारपणानं घरी असलेली, पण फोन करू शकणारी एखादी आजी या कामाला फार योग्य.

मंडळीच्या बाजूनंही हिशेब पूर्ण करा. रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत ‘तुरुंगातील लोकांसाठी’ असं म्हणून पुढे जाऊ नका. ‘ज्या बंदिवानांनी या पंधरवड्यात आपल्या बारा घरांसाठी प्रार्थना केली, त्यांच्यासाठी’ असं म्हणा. ज्यांच्या घरासाठी प्रार्थना झाली ते मान खाली घालतात. पुढच्या महिन्यात त्यांच्यातलाच कुणीतरी आत यायला तयार होतो.

आतून आलेलं पत्र

वर्षातून दोन-तीनदा बंदिवानांचं पत्र उपासनेत वाचावं. त्यांनी ते कारागृहाच्या तपासणीतून पाठवावं, आपण खिशात घालून आणू नये. दीडशे-दोनशे शब्द. नाव नाही, गुन्ह्याची हकिगत नाही. देवळात ‘साक्ष’ म्हणून थरारक कहाणी ऐकायची सवय मंडळीला असते, आणि लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तो गुन्हा रंगवून लिहितो. विषय आपणच सुचवा: ‘या महिन्यात कोणतं वचन तुमच्याबरोबर राहिलं?’ नाही तर, ‘मंडळीनं देवाकडे काय मागावं असं तुम्हाला वाटतं?’

झारखंडात आदिवासींमध्ये काम करणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांची तळोजातून आलेली पत्रं अनेक वाचकांच्या स्मरणात असतील. ऑक्टोबर २०२०मध्ये अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे पेला धरवत नसे म्हणून त्यांना स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज करावा लागला. त्या पत्रांत त्यांनी स्वतःपेक्षा सोबतच्या बंद्यांबद्दल जास्त लिहिलं: कोण जेवायला मदत करतो, कोण आंघोळीला, आणि कितीतरी गरीब बंद्यांना आपल्यावरचे आरोपही ठाऊक नसतात. पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो, असं त्यांनी लिहिलं. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत इस्पितळात, खटला सुरू होण्याआधीच, ते गेले. कुणाच्या गुन्ह्याविषयी एक शब्द न लिहिता पत्र मंडळीला किती देऊ शकतं, ते बघायला ही पत्रं गटात जरूर वाचा.

काय विचारायचं नाही

‘काय केलंस?’ हे विचारायचं नाही. भारतातल्या कारागृहांत सुमारे तीन चतुर्थांश माणसं न्यायाधीन आहेत, म्हणजे कच्चे कैदी, ज्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. पश्चात्तापावरचं प्रवचन त्यांना निकालपत्रासारखं ऐकू येतं. शिवाय वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, तुमच्याशी झालेल्या बोलण्याला तसं नाही. कुणी आपणहून खटल्याचं सांगू लागला तर हळूच थांबवा: ‘दादा, हे वकिलांना सांगा, मला नको.’ कॅथॉलिक पापनिवेदनाचं गुपित धर्मगुरू कोणत्याही परिस्थितीत फोडत नाही, पण त्यासाठी शिपाई दिसेल पण ऐकू जाणार नाही एवढं अंतर आधी मागून घ्यावं लागतं. दहा पावलं पुरतात. इतर सेवकांनी पापनिवेदन ऐकण्याची हौस ठेवू नये.

जामिनाचं आश्वासन देऊ नका. घरचा निरोप, फोन नंबर, पैसे, औषध यातलं काही नेआण करू नका, मग माणूस कितीही रडला तरी. अशा एका चोरट्या चिठ्ठीपायी सगळ्या गटाची परवानगी रद्द होते आणि बाकीचे वीस जण एकटे पडतात. मदत करायचीच असेल तर रीतसर वाट आहे. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील कारागृहात येतो, त्याचा वार विचारून सांगा. नातेवाइकांसाठी हेल्पलाइन १५१००. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नुसार, पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर जातमुचलक्यावर त्याला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी हीच मर्यादा निम्म्या काळाची. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना ती लागू नाही. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्यांसाठी केंद्राची २०२३पासूनची योजना आहे, ठरावीक रकमेपर्यंत. मंडळीत वकील असेल तर त्याला प्रवचनापेक्षा या कामाला लावा. हीच ती एबद-मलेखाची चिंधी.

प्रभुभोजन आणि ख्रिस्तशरीर

द्राक्षारस हा गेटवर दारूच ठरतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी न आंबवलेला द्राक्षरस प्लास्टिकच्या सीलबंद बाटलीतून, आधी लेखी कळवून न्यावा. लहान काचेचे पेले नकोत, कागदी चालतात. कॅथॉलिक धर्मगुरूंना पूर्ण मिस्सा करायची असेल तर लागणारा थेंबभर द्राक्षारस अर्जात नमूद करावा. परवानगी मिळाली नाही तर ख्रिस्तशरीर डबीतून नेऊन फक्त ख्रिस्तप्रसाद द्यावा, त्याला द्राक्षारस लागत नाही. झडतीत शिपायानं डबी उघडून हात घालू नये म्हणून अधिकाऱ्यांना आधी सांगून ठेवा की ती धर्मगुरू स्वतः उघडून दाखवतील.

व्हिएतनामचे बिशप, पुढे कार्डिनल झालेले फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन तेरा वर्षं कैदेत होते, त्यातली नऊ एकांतात. बाहेरून ‘पोटाचं औषध’ म्हणून आलेल्या बाटलीतला द्राक्षारस ते तळहातावर घेत, तीन थेंब आणि एक थेंब पाण्याचा, आणि मिस्सा करत. आपल्याकडे लपवाछपवीची गरज नाही, अर्ज करायचा आहे. पण रविवारी कंटाळत मिस्सेला येणाऱ्यांना तळहातावरचे ते तीन थेंब जरूर सांगा.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना विसरू नका

मंडळीत कुणाचा खून झालेलं घर असेल, कुणाची मुलगी अत्याचाराला बळी पडलेली असेल. त्यांच्यासमोर आपण बंदिवानांची थोरवी गातो, तेव्हा त्यांना काय वाटत असेल? काम सुरू करण्याआधी पाळकांनी अशा घरी स्वतः जाऊन सांगावं. आत आणि बाहेर, प्रत्येक प्रार्थनेत पीडितांसाठी एक वाक्य असावं. क्षमा करा असं त्यांना कुणीही सांगायचं नाही.

क्षमा आतून उगवली तर काय होतं, तेही बघा. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल पुढे तुरुंगात गेली आणि तिनं मारेकरी समंदर सिंगच्या हाताला राखी बांधली. तो २००६मध्ये सुटला. सिस्टर राणी मारिया यांना नोव्हेंबर २०१७मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. घटना आणि राखी यांच्यामध्ये कितीतरी वर्षं गेली. ही वर्षं कुणी घाईनं आखडती घेऊ नयेत.

मंडळीच्या पंचांगात

वर्षातून एक रविवार या कामासाठी ठेवा. केरळात सुरू होऊन देशभर पसरलेल्या प्रिझन मिनिस्ट्री इंडियाचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण १४ ऑगस्टला येतो. ऑश्विट्झमध्ये दुसऱ्या कैद्याच्या जागी ते मरणाला सामोरे गेले, १९४१ साली याच तारखेला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना बंदिवानांची आठवण ठेवा असं सांगणारं, इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायातलं तिसरं वचन धरून कोणताही रविवार घेता येईल. त्या दिवशी वेदीवरचं कापड, बाक किंवा पुस्तक ठेवायचं लाकडी घोडं कारागृहात तयार झालेलं असेल तर फार छान. कारागृहाच्या कारखान्यात सुतारकाम, विणकाम, शिवणकाम चालतं. अधीक्षकांकडे मापं देऊन दरपत्रक मागा आणि पूर्ण किंमत मोजा. सवलत मागू नका, बंद्याची मजुरी त्यातून निघते.

सुटकेचा दिवस

कोर्टाचा आदेश आला की सुटका बऱ्याचदा संध्याकाळी होते. गेटबाहेर अंधार, खिशात थोडे पैसे, बंद पडलेलं सिमकार्ड. घरचे येणार नसतील तर गटातल्या दोघांनी जावं, एकट्यानं नको. गाडीत एक पिशवी ठेवा: पाण्याची बाटली, बिस्किटं, टॉवेल, साधी चप्पल, एक चालू फोन आणि सुट्टे पाचशे रुपये. त्याला कुठे जायचंय ते त्यालाच ठरवू द्या. आधार, बँक खातं, रेशनकार्ड यातलं काय चालू आहे ते पहिल्या आठवड्यात बघा. कामाचं बोलणं दुसऱ्या आठवड्यात. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर आलेला असेल तर परत हजर व्हायची तारीख घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा आणि आदल्या दिवशी फोन करा.

पहिल्या रविवारी त्याला पुढे बोलावून साक्ष द्यायला लावू नका. मधल्या रांगेत, ओळखीच्या एका माणसाशेजारी बसू द्या. दाराशी चिठ्ठ्यांची पेटी त्याला दिसेलच. तो आत असताना कोणता क्रमांक त्याच्याकडे होता ते वहीत बघून ठेवा. त्या घरच्यांची तयारी असेल, आणि त्याचीही असेल, तर उपासनेनंतर चहाच्या वेळी गाठ घालून द्या. त्या आईला सांगा, ‘काकू, तुमच्या डोळ्यांसाठी रोज प्रार्थना करायचे ते हे.’ मग तिथून बाजूला व्हा.